खिचडीच्या कोठीतला वर्ग

“मॅडम, दार ढकलू नका, बाहेरून कुलूप आहे,” मुख्याध्यापक ओरडत होते. आवाज असा, की गंगापूरच्या स्टँडवरच्या एसट्या ड्रायव्हरशिवाय मागं सरकाव्यात. “किल्ली मावशींकडं आहे. मावशी जीपनं गेल्या लेकीकडं. तुम्ही घाबरू नका.”

मी घाबरले नव्हते. मला उत्तर देता येत नव्हतं, हे माझं दुखणं होतं.

मी शाळाशाळांतून फिरून मुलांच्या बोलण्यावर काम करायचे. तोतरी, अडखळणारी, उशिरा बोलायला लागलेली, सगळी माझ्या वाट्याला. शहरात छावणी भागातल्या घरून निघायचं आणि जीपमध्ये कोंबून घ्यायचं. त्या जीपमध्ये चाळीस माणसं आणि तीन बकऱ्या बसत, ड्रायव्हर बाहेर लटकून गाडी चालवी. खोटं वाटत असेल तर बकऱ्या दोन धरा. शाळेत पोचल्यावर मला खोली म्हणून जे मिळे ते मी घेई: जिन्याखालचा कोनाडा, प्रयोगशाळेतल्या सांगाड्याच्या शेजारची खुर्ची. या शाळेनं मला खिचडीच्या तांदळाची कोठी दिली होती. वर पत्रा, भिंतीत वीतभर जाळी, चहूकडं पोती. उन्हाळ्यात त्या कोठीत तांदूळ बिनपाण्याचा शिजत असणार, अशी माझी खात्री आहे.

कोठीतून एकदा तांदूळ चोरीला गेला होता. तेव्हापासून शाळेत नियम होता की कोठी उघडी दिसली तर ज्याला दिसेल त्यानं कुलूप दाबायचं. त्या दिवशी खिचडी रांधणाऱ्या मावशी भांडी घासून निघाल्या, कोठीपाशी थांबल्या, कान दिला. आत चिटपाखरू नाही. कुलूप दाबलं, किल्ली कमरेला खोचली आणि गेल्या.

आत मी होते आणि आठ वर्षांची एक मुलगी होती. दोघी गप्प. अख्ख्या जन्मात मी एकदाच तोंड मिटून बसले, आणि नेमकी कोंडली गेले.

गप्प बसणं हेच त्या दिवशीचं काम होतं. ही मुलगी घरी अखंड बोलायची, असं तिची आई सांगे. शाळेच्या फाटकातून आत आली की बंद. दोन वर्षांत वर्गात एक अक्षर नाही. अशा मुलांसाठी आमच्या कामात एक कडक रीत आहे. विचारायचं नाही, ‘बोल’ म्हणायचं नाही, तोंडाकडं टक लावून बघायचं नाही. शेजारी बसून काहीतरी करत राहायचं आणि ती आपण होऊन बोलेपर्यंत वाट बघायची. माझ्यासारखीला ही सक्तमजुरी. जन्मल्या जन्मल्या मी सुईणीला चार सूचना दिल्या होत्या, असं आमच्या घरात सांगतात.

आणि वाट बघायला वेळ उरला नव्हता. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मुलीचा फॉर्म भरून पडला होता. शहरातल्या निवासी खास शाळेत तिला पाठवायचं. फक्त आईची सही राहिली होती, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म तालुक्याला जाणार होता. माणूस वाईट नव्हता. “मॅडम, एक शब्द माझ्या कानावर पडू द्या, तुमच्यासमोर फाडतो,” असं मला सकाळीच म्हणाले होते. त्या शाळेत गेली तर ही पोर आईपासून, घरापासून, जिथं बोलते त्या एकाच जागेपासून तुटणार होती. मग ती कुठंच बोलली नसती.

बाहेर पाच मिनिटांत जत्रा जमली. जाळीला डोळे लागले.

“बोलली का, मॅडम?”

“बाळ, तू ‘सर’ म्हण. म्हणलीस की लगेच दार उघडतो,” मुख्याध्यापक म्हणाले. किल्ली नसलेला माणूस हे म्हणत होता.

मुलगी पोत्यांच्या फटीत सरकली. मी ओरडले असते तर ती पलीकडच्या भिंतीतून गेली असती. मी वहीचं पान फाडलं, लिहिलं आणि दाराखालून सरकवलं. बाहेर मुख्याध्यापकांनी ते वर्तमानपत्र वाचावं तसं मोठ्यानं वाचलं, “सर्वांना घेऊन लांब जा. जाळीपाशी कुणी नको. तुम्हीसुद्धा नको.” मग जरा थांबून, “मीसुद्धा?”

पण गेले. एकाला मोटारसायकलवर मावशींच्या मागं पिटाळलं आणि सगळे वर्गात गेले.

मग आम्ही दोघीच. वर पत्रा तडतडत होता. घाम इतका, की पाटी टाकली असती तर तरंगली असती. पाण्याची बाटली माझी होती आणि ती मी संपवून बसले होते, त्यामुळं दुसरी एक अडचण सुरू झाली होती, तिचा तपशील सांगत नाही. पोत्यामागं एक कॅरम सापडला. मी तो मांडला आणि एकटीच खेळायला लागले. थोड्या वेळानं ती समोर येऊन बसली. मी बघितलं नाही. तिनं स्ट्रायकर घेतला. पोर कसली खेळत होती. माझ्या चार सोंगट्या जाईपर्यंत तिच्या आठ गेल्या.

तेव्हा मी कोपरानं राणी भोकात ढकलली. ही माझ्या कामातली युक्ती होती की माझी जुनी खोड, हे मला विचारू नका.

“राणी तुमच्या कोपरानं गेली,” ती म्हणाली. “परत ठिवा.”

मी परत ठेवली. श्वाससुद्धा हिशेबानं घेतला. पुढं तासभर ती बोलत होती. बकरीला तीन पिल्लं झाली, त्यातलं एक निळं होतं. मामा विहिरीत पडला आणि खिशात मासा घेऊन वर आला. मी मनातल्या मनात हात जोडले. माझ्याहून थोर थापाडी मला पहिल्यांदाच भेटली होती.

आणि ऐकायला बाहेर कुणी नव्हतं. मीच चिठ्ठी लिहून सगळ्यांना लांब पाठवलं होतं.

कुलूप निघालं. दारात मावशी, मुख्याध्यापक आणि मागं निम्मी शाळा.

“ती बोलली, सर. तासभर.”

मुख्याध्यापक हसले. “मॅडम, तुमचं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. तासभर म्हणजे किती?”

त्यांचंही चुकत नव्हतं. माझ्या जीपच्या गोष्टी त्यांनी सगळ्या ऐकल्या होत्या. ते फॉर्म घ्यायला वळले, आणि मी जे शिकले, जे इतरांना शिकवत फिरले, ते सगळं तिथं उंबऱ्यावर टाकलं. मुलीपुढं वाकले, तिच्या तोंडाकडं बघत म्हणाले, “बोल ना बाळा. सरांना एकदाच सांग. राणी कशी गेली ते सांग.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग चपला घातल्या आणि वर्गात निघून गेली.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई दारात ज्वारी पाखडत होती. आतून पोरीचा आवाज येत होता. कॅरमची गोष्ट चालली होती, तीत मी पन्नास वेळा हरले होते. मी म्हणाले, “बाई, ऐकता ना? फॉर्मवर सही करू नका. मी लिहून देते, मी जबाबदार.”

माझा आवाज ऐकला आणि आतला आवाज थांबला. तिच्या स्वतःच्या घरात.

आईचं सूप हातातच राहिलं. आम्ही दोघी आतल्या दाराकडं बघत बसलो. आत भांडंसुद्धा वाजेना.

“सर म्हणत्यात सही नाय केली तर शाळेतनं नाव काटत्याल,” ती हळू म्हणाली.

“मग काय करणार तुम्ही?”

तिनं सूप खाली ठेवलं.

“तुमी जावा,” ती म्हणाली. “तुमी गेल्यावर विचारते तिला.”