शेवटच्या शिडीवर कोण थिजलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पतसंस्थेतल्या बायकांना नाही. तुम्हाला सांगते. पण आधी डोंगराचं सांगू द्या — कारण तो डोंगर आम्ही खरोखर चढलो, त्यात खोटं काही नाही.

दुष्काळाचं साल होतं. आमच्या चौसाळ्यात टँकर आला की अर्धं गाव घागरी घेऊन धावायचं. शिरूर कासारकडची घरं दिवाळी होताच ऊसतोडीला निघायची आणि पोरींची शाळा तिथंच सुटायची. त्या पोरींसाठी वसतिगृह काढायचं आमच्या महिला पतसंस्थेनं ठरवलं. पण अशा साली वर्गणी मागायची कुणाकडं? मग अध्यक्षबाईंनी भलतंच सुचवलं. आपण काही जणी हरिश्चंद्रगडापासून कळसूबाईपर्यंत डोंगर तुडवत जाऊ, आणि बीडच्या वकील-डॉक्टरांना सांगू, शिखर गाठलं तरच पैसे द्या. लोक हसले. पण हसत हसत कबूल झाले.

मी पतसंस्थेत क्लार्क. माझ्यासोबत नंदा आली, माझी धाकटी नणंद. शिवणकाम करते. लग्न मोडून माहेरी आलेली, म्हणून गावात जरा मान खाली घालूनच वावरायची. डोंगरात मात्र — कसं सांगू? तिची मान वर झाली. पहिल्यांदाच घातलेला पंजाबी ड्रेस, पाठीवर सॅक, आणि सगळ्यांच्या पुढं. वाहतं पाणी दिसलं की थांबून त्यात हात बुडवून बसायची. रोज नवा चढ, पायांना फोड, रात्री कण्हणं — तरी एकही बाई मागं फिरली नाही. आमच्यातल्या कित्येकींनी त्याआधी जिल्हा सोडला नव्हता.

आता शिडीपाशी यावंच लागेल, नाही का?

कळसूबाईच्या माथ्याखाली लोखंडी शिडी आहे. बाकीच्या वर पोचल्या होत्या. ढग उतरलेला, वारा सुटलेला, मागं आम्ही दोघीच. अर्ध्या शिडीवर एकीनं खाली बघितलं आणि तिचे हातपाय थिजले. ना वर, ना खाली. रडायला लागली. पैसे नको, वसतिगृह नको, मला उतरवा म्हणाली. दुसरी तिच्या खालून आली. तिचं पाऊल हातात धरलं आणि एकेका पायरीवर ठेवत गेली. "खाली नका बघू, वैनी. पाय मी ठिवते. तुमी फकस्त हात सोडू नका."

वैनी — म्हणजे मी.

वर पोचलो तेव्हा बाकीच्यांनी आम्हाला मिठ्या मारल्या. ढग फाटला, खाली दूरवर धरणांचं पाणी चमकत होतं. अध्यक्षबाईंनी तिथूनच गावात फोन लावला आणि पलीकडचा बायकांचा गलका आम्हा सगळ्यांना ऐकू आला. त्या घटकेला मी खरंच सुखी होते. खोटं अजून बोलायचं होतं.

चौसाळ्यात सत्कार झाला. मांडव गच्च भरलेला. माझ्या हातात माईक आला. सुरुवात मी खरीच केली — शेवटच्या शिडीवर आमच्यातली एक जण थिजली, दुसरीनं तिचं पाऊल हातात धरलं. पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "कोण थिजलं?"

मी नंदाकडं बोट केलं.

का? विचार करायला वेळ नव्हता, असं म्हणता येईल. पण वेळ होता. ती समोर बसली होती, मला तिचे डोळे दिसत होते. टाळ्या सुरू झाल्या. नंदा उठली, लोकांना हात जोडले आणि खाली बसली. घरी आल्यावर तिनं भाकरी थापल्या.

पैसे जमले. कबूल केले होते त्याहून जास्तच. वसतिगृह उभं राहिलं, पोरी तिथं राहून दहावी झाल्या, एक नर्स होऊन बीडला लागली. आम्ही दर हिवाळ्यात डोंगर चढतो, आता पुढं मी असते आणि शिडीवर माझा पाय लटपटत नाही. याचा मला अभिमान आहे, तो लपवणार नाही.

पण दुसऱ्या वर्षी नावं ठरवताना अध्यक्षबाई म्हणाल्या, नंदाला कशाला न्यायचं, ती घाबरते. मी त्या बैठकीत होते. चहा पीत होते. नंदा त्यानंतर कधीच डोंगरावर गेली नाही. तिला कुणी विचारलंच नाही.

पोरींचे गणवेश तीच शिवते. परवा ती मापं घेत होती, मी दारात उभी होते. एका पोरीनं विचारलं, "आत्या, तुमी शिडीवर लई भ्याल्या होत्या म्हणं?"

नंदानं टेप पोरीच्या खांद्यावर धरला. "सरळ उभी ऱ्हा," म्हणाली. मग म्हणाली, "व्हय. लई."

तिनं मला पाहिलं होतं. मी दारातून मागं फिरले.