डाव्या हाताने जेवणारा नायक

ती घटना आठवली की मला आजही हसू आवरत नाही, आणि हसून झालं की थोडा रागही येतो. हसू एका साक्षीदाराचं, राग एका नियमाचा.

तेव्हा राज्याचा कारभार नागपूरहून चालायचा आणि गोंदिया भंडारा जिल्ह्यात मोडायचं. मी गोंदियाच्या ठाण्यावर नवा सब-इन्स्पेक्टर होतो. स्वातंत्र्याच्या चळवळीतली पत्रकं वाचत वाढलो होतो. खाकी अंगावर चढवताना मनाशी एवढंच ठरवलं होतं, की इंग्रजाच्या पोलिसाला लोक ज्या कारणांनी घाबरायचे, त्यांपैकी एकाही कारणाने मला कोणी घाबरू नये. आमचे हवालदार माझ्या वडिलांच्या वयाचे. ते या निश्चयाला ‘साहेबांचा ताप’ म्हणायचे.

त्या दिवशी सकाळची हजेरी झाली, गस्तीच्या नोंदी रोजनामच्यात चढवून झाल्या, आणि एक गृहस्थ घामाघूम होऊन आत आले. बाजाराच्या पटांगणात तंबू ठोकून सिनेमा दाखवणारे हे मालक. सगळं गाव त्यांना शेठ म्हणायचं.

“साहब, कल शाम कॉलेज में खुला सिनेमा हुआ. टिकट बेचकर! पूरा शहर अंदर बैठा था.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“बताएगा कौन? मैं खुद बैठा था. तीसरी लाइन में, एकदम बीच में.”

आरोप साधा नव्हता. कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाला आवारात सिनेमा दाखवायची मुभा होती, पण अटींवर. प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांच्या घरची माणसं. तिकीट लावायचं नाही. बाहेरच्या माणसाला आवारात घ्यायचं नाही. बाहेरच्यांना घेतलं की तो सार्वजनिक प्रयोग झाला, आणि त्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा परवाना हवा. परवाना नसेल तर गुन्हा.

हवालदार बयान लिहून घेत होते. शेठचा उत्साह थांबेना.

“और लिखिए. फिल्म भी खराब है. हीरो मास्टर है और बाएँ हाथ से खाना खाता है! बच्चे क्या सीखेंगे?”

हवालदारांनी टाक वर उचलला. “साहेब, हिरो डेबरा होता, हे बी लिहू?”

“लिहा. साक्षीदार सांगतो ते सगळं लिहा.”

बयानावर शेठची सही घेतली आणि मी कॉलेजात गेलो. प्राचार्य शिस्तीचे. त्यांनी मला बसायला सांगायच्या आधीच निकाल दिला.

“गुन्हा नोंदवलात, तर मंडळाच्या चिटणिसाचं नाव मी त्याच दिवशी कमी करणार. संस्थेच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

“अजून चौकशी व्हायची आहे, सर.”

“चौकशी तुमची. हजेरीपट माझा.”

हा चिटणीस सालेकशाकडच्या जंगलपट्ट्यातला पोरगा. घरी थोडं धान, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा. त्याच्या गावातून कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच. नाव कमी झालं असतं तर त्याला दुसरं कॉलेज कुठलं मिळणार? तो परत पत्ता तोडायलाच गेला असता, आणि त्याच्या मागून यायच्या विचारात असलेली गावातली पोरंही घरी बसली असती.

मी त्याला सिनेमा झाला त्या मैदानावरच बोलावलं.

“तिकिटं विकली?”

“नाही साहेब.”

“बाहेरचे लोक आत घेतले?”

“एक बी नाही. फाटकावर आमीच उभे होतो.”

“मग सकाळपासून चहाच्या टपरीवर जो तो सिनेमाचीच गोष्ट सांगतो आहे. ते काय?”

तो घुटमळला. “ते आत नव्हते साहेब. मांगं होते.”

“कशाच्या मागे?”

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. पडदा अजून उतरवलेला नव्हता. पंचांना घेऊन मी पंचनामा सुरू केला आणि एकेक गोष्ट दिसू लागली. इमारतीची चांगली पांढरी भिंत सोडून पोरांनी पडदा थेट कुंपणावर बांधला होता, दोन झाडांच्या मधे. कापड म्हणजे एकमेकांना शिवलेली दोन पातळ धोतरं. खाली पाण्याची बादली. कुंपणापलीकडे कापणी झालेली कोरडी बांधी, आणि त्या बांधीत धानाचे खुंट पार तुडवले गेलेले. शेंगांची टरफलं, बिड्यांची थोटकं. जत्रा उठल्यावर दिसते तशी जमीन.

“पडदा ओला केला होता?”

“हो.”

“काऊन?” मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

“ओला केला का मांगूनबी साफ दिसते.”

“म्हणजे मुद्दाम केलंत.”

“मुद्दाम, साहेब.” आता त्याने मान वर केली. “नियम म्हन्ते का बाहेरच्यानं आत येऊ नये. कोनी आलं नाही. मांगून पाहू नये असं कुठं लिहून हाये? सिनेमा सारा शिक्षनावर होता. ज्यायले साळा भेटली नाही, त्यायनंच तो पाहू नये, हा कायचा नियम?”

पत्रकं वाचून वाढलेला माणूस अशा वेळी अंगात उठून बसतो. मी त्याला दाबून खाली बसवला. ठाण्याला भाषण चालत नाही, पुरावा लागतो. बाहेरचे लोक बाहेरच बसले हे कितीही खरं असलं, तरी समोर सही केलेलं बयान होतं, की मी आत होतो, तिकीट काढून.

“मागून दिसतं कसं?” मी सहज विचारलं. “समोरच्यासारखंच?”

“दिसते सारं, पन उलटं. डावं ते उजवं. नावं आली का वाचता येत नाही. बाकी गोष्ट समजते.”

मी पंचनाम्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला. “सिनेमाची रिळं कुठं आहेत?”

“यंत्रासंगच. परत धाडाची हायेत.”

“आज धाडू नको.”

दुपारी एका वर्गाच्या खिडक्यांना वसतिगृहातली घोंगडी टांगली. चिटणीस यंत्रावर. समोर प्राचार्य, हवालदार, मी आणि बोलावून घेतलेले शेठ. शेठना मी मुद्दाम मधल्या बाकावर बसवलं. “काल बसला होतात तशीच जागा आहे. आरामात बसा.” शेठ ऐटीत बसले.

अंधार होताच हवालदार माझ्या कानाशी लागले. “साहेब, आपन तर बाहेरचे मानसं. हा बी सार्वजनिक प्रयोगच होऊन राहिला ना?”

“हा तपास आहे. गप बसा.”

गोष्ट पुढे सरकली. सिनेमातले गुरुजी एका विद्यार्थ्याच्या झोपडीत जेवायला बसतात तो प्रसंग आला. ताट समोर आलं. गुरुजींनी हात धुतला, पहिला घास उचलला.

“उजवा!” हवालदार बाकावरून उठलेच.

शेठ पडद्याकडे बघतच राहिले. “ये... ये सीधा कैसे हो गया?”

मी यंत्र थांबवायला सांगितलं, एक घोंगडं बाजूला केलं आणि सकाळचं बयान काढून त्यांच्यापुढे धरलं. “रीळ तेच, गुरुजी तेच. ते डाव्या हाताने जेवताना फक्त एकाच जागेवरून दिसतात, शेठ. कुंपणापलीकडच्या बांधीतून. आता सांगा, तिसरी लाइन कुठली?”

शेठनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“सच बोलूँ साहब? मेरे तंबू में कल कुत्ता भी नहीं आया. गिराहक कहाँ मर गए, देखने निकला. सब के सब खेत में बैठे थे.”

“आणि तिकीट?”

“कोई टिकट नहीं था. मैंने जोड़ दिया.”

“बरं, लोक दिसले तेव्हाच ठाण्यावर का आला नाहीत? पूर्ण सिनेमा संपेपर्यंत थांबलात?”

शेठ खाली बघत म्हणाले, “फिल्म अच्छी थी साहब.”

प्राचार्यांनी तोंडाला रुमाल लावला. त्यांना खोकला आला नव्हता.

खोटी फिर्याद देणं हाही गुन्हाच. मी शेठना तसं बजावलं, तेव्हा यंत्रापाशी उभा असलेला चिटणीसच मध्ये बोलला. “साहेब, तंबू रिकामा रायला हे तर खरंच हाये. सोडा त्यायले.” शेठ त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांच्या बाजूने वकील उभा राहिला. मी त्यांच्याकडून लेखी माफी घेतली आणि फिर्याद खोटी म्हणून निकाली काढली.

पण प्राचार्यांचं समाधान झालं नव्हतं. “याचं नाव राहील,” ते म्हणाले, “पण ही पळवाट बंद.” त्यांनी तिथेच नवा नियम लिहिला: पडदा कुंपणापासून दूर, इमारतीच्या भिंतीला लावावा. ठाण्याचा अभिप्राय हवा म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला.

पोराचा चेहरा उतरला. “म्हंजे मांगून पाहनाऱ्या बिडीवाल्या बाया बाहेरच्या बाहेर.”

मी टाक घेतला आणि त्याच ओळीला पुढे जोडलं: ‘म्हणजे समोर अधिक लोकांना बसता येईल. बाहेरच्या लोकांना बोलवायचे असेल तेव्हा मंडळाने विनामूल्य प्रयोगाचा परवाना काढावा. बंदोबस्त ठाणे देईल.’

प्राचार्यांनी ते बराच वेळ वाचलं. “हा अभिप्राय आहे की नवा नियम?”

“तुम्ही सही केलीत तर नियम, सर.”

“आणि नाही केली तर?”

“तर मी परत येईन. मला ताप आहे, असं आमचे हवालदार म्हणतात.”

त्यांनी सही केली. परवान्यासाठी चिटणिसाला भंडाऱ्याला खेपा घालाव्या लागल्या. शिफारस मी दिली. शेठनी एकच मागणी केली, की प्रयोग त्यांच्या तंबूच्या सुट्टीच्या दिवशी ठेवावा. ती रास्त होती, मंडळाने मान्य केली. त्या संध्याकाळी कॉलेजचं फाटक उघडं होतं. राईस मिलमधले हमाल, बिड्या वळणाऱ्या बाया, कडेवर लेकरं, सगळे सरळ वाटेने आत आले आणि पुढे बसले. प्राध्यापकांना मागे उभं राहावं लागलं. तक्रार एकाचीही आली नाही.

पुढच्या नोकरीत मी ही गोष्ट तपासात नेहमी वापरली. साक्षीदाराला ‘तू कुठे होतास’ हे सारखं विचारलं, की तो उत्तर पाठ करून येतो. ‘काय पाहिलंस’ हे विचारून त्याला मोकळं बोलू दिलं, की तो कुठे होता हे आपोआप कळतं. पण नवे अधिकारी भेटले की मी त्यांना त्याच्याही पुढचं सांगतो. नियमात नुसती मनाई लिहिली, की तिचं कारण जो तो आपल्या सोयीने लावतो. शेठनी धंद्याचं लावलं, प्राचार्यांनी अब्रूचं. तेवढ्यात एका पोराचं सगळं शिक्षण जाणार होतं. म्हणून नियम करणाऱ्याने तो कोणाच्या भल्यासाठी आहे हे त्याच कागदावर, त्याच शाईने लिहावं. लिहायला लाज वाटत असेल, तर तो नियम करू नये.