महाराजांची भट्टी

"बाजूला व्हा, भट्टी माझी आहे," असं म्हणून ते खांद्यावरचा पंचा कमरेला घट्ट बांधायचे. मग यजमान असो की यजमानाचा बाप, कढईजवळ कोणी फिरकायचं नाही. इकडे उत्तरेत, आमच्या लष्कर शहरात, आचाऱ्याला महाराज म्हणतात. त्यांनाही सगळे महाराजच म्हणत, आणि भट्टीपुढे ते वागतही तसेच.

माझं इथल्या खासगी बाजार पेठेत भांडी भाड्याने द्यायचं दुकान. लग्न-मुंजीला पातेली माझी, हात त्यांचा. मी चौथीपुढे शाळेत गेलो नाही, पण मान खाली घालून कोणापुढे उभाही राहिलो नाही. माझे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले, म्हणून ते मला सुभेदार म्हणत. "सुभेदार, तुमच्या पणजोबांनी किल्ले घेतले, तुम्हाला एक झाकण वेळेवर आणता येत नाही," असं चार माणसांत ऐकवायचे. मी चिडायचो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातची जिलबी दुकानात यायची. तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल, ज्याच्यावर धड रागावताही येत नाही.

एकदा माझ्या गोदामात पराती बघता बघता ते कोसळले. हातपाय ताठ, तोंडाला फेस. मी डोक्याखाली पोत्याची घडी सारली, कुशीवर वळवलं आणि बसून राहिलो. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, तर "कोणी पाहिलं?"

मी म्हटलं, कोणी नाही. ते म्हणाले, फिट येणाऱ्या माणसाला उकळत्या तेलापाशी कोण उभं करील? मग त्यांनी गुपचूप झाशीचा डॉक्टर गाठला, गोळ्या सुरू केल्या. बायको आधीच गेलेली, मुलालाही सांगितलं नाही. फिट पुन्हा आली नाही. तरी ते कढईपाशी असले की मी काहीतरी निमित्त काढून जवळ घुटमळायचो. ते मला हाकलायचे नाहीत. तेवढी एक सूट माझ्यापुरती.

पुढे त्यांचं अन्न तुटलं. मळमळ, थकवा, पोळीकडे बघवेना. मुलाने रक्त तपासून घेतलं, तर लिव्हरचे आकडे वर गेलेले. मुलगा, ते आणि मी, तिघे डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? ते म्हणाले, कुठलीच नाही. मग डॉक्टरांनी आवाज खाली आणून विचारलं, "शराब लेते हैं?"

या माणसाने जन्मात थेंब चाखला नव्हता. पण ते गप्प राहिले.

मुलगा कासावीस झाला. "बाबा, कह दीजिए ना. तुम्ही कुठे पिता?" ते भिंतीकडे बघत होते. मला तेव्हा उमगलं. पिणारा आचारी लोक खपवून घेतात, फिटवाला घेत नाहीत. दारुड्या म्हणवून घेतलं की भट्टी शाबूत राहते, मग जीव गेला तरी चालेल.

मी म्हणालो, "डॉक्टरसाहब, ये पीते नहीं. इन्हें मिर्गी है. गोलियां कुर्ते की जेब में हैं."

डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट पाहिलं. म्हणाले, औषध चांगलं आहे, पण कोणाकोणाच्या लिव्हरचे आकडे यानेही चढतात. हे ठाऊक नसतं तर मी भलतंच शोधत बसलो असतो. आता मनाने बंद करू नका, फिट उलटेल. मग त्यांनी काविळीच्या तपासण्याही करून घेतल्या, नसांच्या डॉक्टरांशी बोलून औषध हळूहळू बदललं. रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. आकडे उतरले. महाराज जेवायला लागले.

पण गोष्ट घरातून गल्लीत गेली आणि गल्लीतून पार गोरखीच्या वाड्यापर्यंत. तोंडावर कोणी काही बोललं नाही. नुसतं, यंदा कॅटरर ठरलाय म्हणे. त्यांनी माझ्या दुकानाकडे येणं सोडलं. शेवटी मीच गेलो.

"तुम्ही केलंत ते बरोबर, सुभेदार," ते म्हणाले. "पण सांगायचं ते मी."

"तुम्ही सांगितलं नसतं."

"नसतं."

आजही तशी वेळ आली तर मी सांगेन. त्यांना तेही माहीत होतं.

माझ्या नातीचं लग्न निघालं तेव्हा माझी मुलं नको नको म्हणत असताना मी हट्टाने त्यांनाच बोलवायला गेलो. म्हटलं, मी दिवसभर तुमच्या मागे उभा राहतो. ते हात जोडून म्हणाले, "माझी मलाच भीती वाटते आता. जेवायला येतो."

गेल्या थंडीत ते हृदयाच्या दुखण्याने गेले. लिव्हर शेवटपर्यंत ठणठणीत होतं. मला मात्र ते आठवतात त्या लग्नातले. पंगतीत पाटावर बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. बासुंदी तळाला लागली होती. मला कळलं, म्हणजे त्यांना कळलंच असणार. तिकडे तो नवा आचारी कनातीआडून सारखा त्यांच्याकडे बघत होता. महाराजांनी वाटी रिकामी केली आणि वाढप्यापुढे धरली.

"आणखी घाल," ते म्हणाले.