रियाधहून बर्फाकडे: एक पिकअप, सहा पोती वाळू आणि एक वळण

सौदीत बर्फ पडतो म्हटलं की साताऱ्याचे माझे नातेवाईक फोनवर खो खो हसतात. हसू देत बापडे. गेल्या जानेवारीत आम्ही तो बघितला, तुडवला, खाल्ला (सईने, माझी नजर चुकवून), आणि त्याने आमच्या तोंडचं पाणीही पळवलं. कुणाला जायचं असेल तर रस्ता, पेट्रोल, खाणंपिणं सगळं सांगते. पण आधी आम्ही का गेलो ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझा नवरा शिरीष मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम बघतो. त्या जानेवारीच्या चार महिने आधी दम्मामहून परतताना आमच्या गाडीचा टायर फुटला. गाडी गरगर फिरली आणि रस्ता सोडून वाळूत जाऊन थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण तेव्हापासून शिरीषच्या मनाने धास्ती घेतली. ऑफिस ते घर, तेही साठच्या वेगाने, आणि उतरला की स्टिअरिंगवर घामाचे ठसे. इथे बायकांना गाडी चालवायची परवानगी नाही, त्यामुळे त्याने लांब जायचं सोडलं आणि मी घरात अडकले. भाजी आणायलासुद्धा त्याचं तोंड बघायचं. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा, खोटं कशाला बोलू?

त्यात ऑफिसने विचारलं, तबूकला जाता का? उत्तरेकडचे डोंगरावरचे टॉवर, दिवसभर पिकअप चालवायची. नाही म्हटलं तर मार्चमध्ये करार संपणार, गाशा गुंडाळून घरी. उत्तर द्यायला पुढच्या शनिवारपर्यंत मुदत होती. शिरीषने मनातल्या मनात "नाही" लिहून ठेवलेलं होतं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर तबूकजवळच्या डोंगरांवर पडलेला बर्फ दाखवला. मी म्हटलं, "सईला सुट्टी आहे. नाही म्हणायचंय ना, खुशाल म्हण. पण रस्ता डोळ्यांनी बघून ये आणि मग म्हण."

"वेडी आहेस का? मी साध्या रस्त्यावर..."

"बाबा, रियल स्नो? प्लीज, प्लीज चलो ना!" आमची दहा वर्षांची सई आईशी मराठीत भांडते आणि बाबाकडे हट्ट करायचा असला की इंग्रजी-हिंदीवर येते. बाबा तिथे हमखास विरघळतो.

सोमवारी पहाटे कंपनीची पांढरी डबल केबिन पिकअप घेऊन निघालो. निघण्यापूर्वी कफीलकडून, म्हणजे नोकरी देणाऱ्या मालकाकडून, प्रवासाचं पत्र घ्यायला विसरू नका, शिक्क्यासकट. पेट्रोल पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त, त्यामुळे त्याची चिंता नाही. चिंता असते ती नमाजाच्या वेळी पंप आणि दुकानं बंद होण्याची. आम्ही दोनदा बंद दारासमोर बसून धपाटे आणि ठेचा खाल्ला. पहिला मुक्काम हाइल, रियाधपासून साडेसहाशे किलोमीटर. लोक सहा तासांत जातात, आम्हाला नऊ लागले. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकले. मी जीभ चावून गप्प बसले होते, आणि मला ओळखणाऱ्यांना ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळेल. शंभर रियालमध्ये स्वयंपाकघरासकट दोन खोल्या मिळाल्या. हीटर आहे का ते चावी घेण्यापूर्वी विचारा, आम्ही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तैमामार्गे तबूक. वाटेत लाल, काळे, मधूनच जांभळट दगडांचे डोंगर लागतात. तैमाच्या अलीकडे नाक्यावर एका पोरसवदा शिपायाने इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, मागितला. शिरीषच्या इकाम्याच्या पुस्तिकेत आम्हा मायलेकींचे फोटो आहेत, माझी इथली सगळी ओळख त्या एका पानावर. पुस्तिका माझ्या पर्समध्ये असते. काढताना तिच्याबरोबर माझं सातारचं ड्रायव्हिंग लायसन्स खाली पडलं, दोन वेण्यांच्या फोटोचं.

शिपायाने ते उचलून बघितलं. "ही गाडी चालवते?" त्याने शिरीषला विचारलं.

"हिंदुस्थानात," शिरीष म्हणाला.

"तुझ्यापेक्षा चांगली?"

शिरीष नुसता हसला. शिपायाने लायसन्स पुसून अगदी अदबीने परत दिलं आणि "यल्ला" म्हणून हात हलवला.

तर त्या लायसन्सची गोष्ट. माझे वडील, आप्पा, सैन्यात ट्रक चालवायचे. मी कॉलेजात जायच्या वयाची असताना त्यांची बदली हिमाचलात होती. लायसन्स सुट्टीत साताऱ्यात काढलं, पण गाडी शिकले ती तिथल्या दोन हिवाळ्यांत, ओळखीच्या कंत्राटदाराच्या खटारा पिकअपवर. आप्पा शेजारी बसून शिव्या द्यायचे आणि मी बर्फातून गाडी काढायचे. ते माझ्या पायांना अजून आठवतं, आणि इथे पाय नुसते बसून असतात.

तबूकला अन्वरभाईंकडे उतरलो. हे मूळचे रत्नागिरीचे, पंधरा वर्षांपासून इथे गाड्या दुरुस्त करतात, आणि आडरानात टॉवरवाल्यांच्या गाड्या फसल्या की त्यांनाच बोलावणं जातं. त्यांनी समुद्रावरून आणवलेल्या सुरमईचं तिखलं केलं होतं. घास तोंडात घेतला आणि शिरीष चार महिन्यांत पहिल्यांदा "अजून वाढा" म्हणाला.

बुधवारी सकाळी दोन पिकअप निघाल्या, पुढे अन्वरभाईंची, मागे आमची. मी म्हटलं, "अन्वरभाई, दोन्ही गाड्यांच्या मागे वाळूची पोती टाकू. मागच्या चाकांवर चालणारी रिकामी पिकअप बर्फात शेपूट फिरवते."

अन्वरभाईंना हसू आवरेना. "वैनी, वाळूच्या देशात वाळू पाठीवर घेऊन फिरायची? लोक काय म्हनतील! मी पंधरा वर्षं रेतीत गाडी काढतो. बरफ म्हंजे थंड रेतीच की."

"तुमच्या गाडीत नका टाकू. आमच्यात टाकणार."

बासमतीच्या सहा रिकाम्या पोत्यांत कोरडी वाळू भरली. डोंगराच्या पायथ्याशी अन्वरभाईंनी आपल्या टायरची अर्धी हवा सोडली, वाळूत शिरताना सोडतात तशी, आणि आमच्या टायरकडे वळले. मी आडवी उभी राहिले. "टणक बर्फावर त्याने काही होत नाही, उलट गाडी डुलते." शिरीष एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "राहू द्या अन्वरभाई. हिला बर्फ माहीत आहे." एवढंसं वाक्य, पण मला इतकं बरं वाटलं!

वर काय बहार होती म्हणून सांगू! लाल दगडांवर पांढरा बर्फ, वर निळंशार आकाश. सगळं तबूक लोटलं होतं. सौदी मंडळी मेंढीच्या कातड्याचे जाड अंगरखे घालून शेकोटीभोवती कहवा पीत बसलेली. बाया पोरांना बर्फाचे गोळे मारत होत्या. काहीजण तर पिकअपच्या बॉनेटवर बर्फ थापत होते, गावातल्या म्हाताऱ्यांना दाखवायला न्यायचा म्हणून. सईने बर्फाची बाहुली केली आणि तिला माझी ओढणी नेसवली. चढताना शिरीषने गाडी छान आणली होती, सूर्य डोक्यावर होता आणि रस्ता ओलसर भुसभुशीत होता. शेकोटीशी बसून तो अन्वरभाईंना टॉवरचे रस्ते विचारत होता. मी मनात म्हटलं, जमलं.

इथे आमचं चुकलं, तुम्ही चुकू नका. दुपारची नमाज झाली की लगेच निघा. आम्ही भात-मटणाचा कब्सा खात बसलो आणि असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, बांग झाल्यावर निघालो. तोवर सूर्य कड्याआड गेला होता, आणि दिवसा वितळलेलं पाणी सावलीतल्या वळणावर काचेसारखं गोठलं होतं.

अन्वरभाई पुढे होते. वाळूत गाडी थांबवायची नसते, वेग ठेवायचा असतो. ती सवय पंधरा वर्षांची. त्याच वेगात ते वळणावर शिरले. रिकाम्या गाडीची शेपूट सुटली, गाडी आडवी झाली आणि डोंगराच्या बाजूच्या दगडावर धाडकन आदळली. नशीब, दरीची बाजू दुसरी होती. मागचा दिवा फुटला, बाकी काही नाही, आणि बाजूने एक गाडी जाईल एवढा रस्ता मोकळा राहिला. अन्वरभाई उतरले ते पांढरेफटक.

"वैनी," ते म्हणाले, "ही रेती नाय."

शिरीषने आमची गाडी वरच थांबवली होती. हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले होते. "वैशाली, माझ्याच्याने नाही होणार. त्या दिवशीसारखंच होणार."

सई मागून रडवेल्या आवाजात म्हणाली, "मम्मा, यू ड्राइव्ह ना."

अन्वरभाईंनीही तेच म्हटलं. "तुमीच घ्या वैनी. हितं कोन बघतंय?"

खरं सांगते, माझा हात दाराकडे गेला. दोनशे पावलांचा तो उतार मी उतरवला असता, डोळे झाकून नाही, पण नक्की उतरवला असता. बघणारे नव्हते असं नाही, खाली रस्त्याकडेलाही शेकोट्या होत्या, कुणी तक्रार केली असती तर नोकरी सोडाच, आम्हाला देशाबाहेर काढलं असतं. पण मी थांबले ते तेवढ्यासाठी नाही. आज गाडी मी उतरवली तर शनिवारी हा "नाही" म्हणणार आणि पुन्हा कधीच "हो" म्हणणार नाही, हे मला लख्ख दिसलं. मला रडूच आलं. येत असून करायचं नाही, यासारखा वैताग नाही.

मी खाली उतरले. सईला अन्वरभाईंच्या हाती दिलं आणि पायी खाली धाडलं. मग पोती काढली. तीन मागेच राहू दिली वजनाला, तीन फोडली.

"ऐक," मी खिडकीतून म्हटलं. "पहिला गिअर. क्लच नाही, ब्रेक नाही, पाय दोन्ही चटईवर. मी पुढे वाळू टाकत जाते, तू फक्त चाकं माझ्या वाळूवर ठेव. बाकी काही करायचं नाही."

"आणि घसरली तर?"

"तर जिकडे शेपूट जाईल तिकडे स्टिअरिंग, हळू. पण घसरणार नाही. मी पुढे आहे ना."

"तू पुढे आहेस म्हणूनच तर भीती वाटते!" तो ओरडला. आम्ही दोघंही हसलो, भलत्या वेळी.

अंगावरचा काळा अबाया कमरेला खोचला आणि अंगणात रांगोळीच्या दोन रेघा ओढाव्यात तशी दोन चाकांपुरती वाळू टाकत निघाले. मागे गाडीची घरघर. वळणावर खालून एक म्हातारा सौदी चढून आला. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि काही न विचारता एक पोतं उचलून दुसरी रेघ त्याने घेतली. "यल्ला, या मुहंदिस, हळूहळू," तो शिरीषला सांगत होता, मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. वळणाच्या पोटात गाडीची मागची बाजू टीचभर सरकली. मला ते आवाजावरून कळलं. मी वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर तो घाबरला असता. ब्रेकचा आवाज आला नाही. घरघर पुन्हा सरळ झाली.

खाली कोरड्या रस्त्यावर येऊन शिरीषने गाडी थांबवली, उतरला आणि सगळ्यांदेखत माझा वाळूने माखलेला हात धरला. इथे असं करत नाहीत. म्हाताऱ्याने तोंड फिरवून हसू लपवलं, मग आम्हाला शेकोटीवरचा कहवा पाजला. "हे तुला कुणी शिकवलं?" त्याने शिरीषमार्फत विचारलं. वडिलांनी, म्हटल्यावर त्याने आप्पांसाठी दुआ मागितली.

मग शिरीष म्हणाला, "अन्वरभाई, तुमची गाडी वरच राहिली." आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप आणि उरलेल्या पोत्यांपैकी एक घेऊन ते दोघं वर गेले. अन्वरभाईंची गाडी खाली कुणी आणली माहीत आहे? शिरीषने. मी सईजवळ शेकोटीला बसून राहिले, आणि या वेळी मला राग आला नाही.

तबूकहून कार्डावरून आप्पांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पोती किती घेतली होतीस?" सहा, म्हटल्यावर म्हणाले, "आठ घ्यायची."

परतीला हाइलपर्यंत सात तास, हाइल ते रियाध साडेसहा. ट्रकवाल्यांनी हॉर्न मारले नाहीत. दोन पोती अजून गाडीच्या मागे पडून होती, शिरीषने ती काढू दिली नाहीत. जाणार असाल तर पाच दिवस काढा, गरम कपडे दुप्पट घ्या, आणि वाळू घेताना लोक हसले तर हसू द्या.

शनिवारी तो ऑफिसमधून "हो" सांगून आला. सई नाचली. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडले, कारण रियाधच्या मैत्रिणी सुटणार होत्या, आणि तिथेही मी शेजारच्याच सीटवर बसणार होते.

रात्रीच्या जेवणानंतर तो मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्याला करायच्या कामांची यादी लिहीत बसला. सईचा चष्मा. आप्पांसाठी फरवा, तोच मेंढीच्या कातड्याचा अंगरखा. आणि खाली, वैशालीचं लायसन्स. इकामा जागेवर ठेवताना त्याने लायसन्सच्या मागची तारीख बघितली होती, त्याची वीस वर्षं या वर्षी संपतात.

"नवीन कशाला करायचं?" मी म्हटलं. "इथे काय उपयोग त्याचा?"

"आज नाही," शिरीष म्हणाला, आणि यादीतलं ते नाव खोडून सगळ्यात वर लिहिलं. "पण ज्या दिवशी चालेल त्या दिवशी तुझं तयार असलं पाहिजे. त्या वळणावर मी पुढे चालेन."