मांडवीची कॉम्प्युटरवाली

जर्मनीत मी राहते त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक म्हातारी आहे. मी प्रोग्रामर आहे हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे दिवसभर बसून. पाठ दुखत असेल." त्यानंतर सहा वर्षांत तिने माझ्या कामाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. रविवारी व्हॅक्युम क्लीनर लावला म्हणून मात्र दोनदा दार वाजवलंय. त्याआधी वर्षभर अमेरिकेत होते. तिथला केस कापणारा माझा व्यवसाय ऐकून आरशातच तोंड वाकडं करायचा. तुम्ही लोक आलात आणि आम्हाला आमचंच गाव परवडेनासं झालं, असं त्याने सरळ सुनावलं. मला राग आला, पण खोटं नव्हतं ते.

आणि रत्नागिरीत? मांडवीच्या घरी मी बॅग टेकवायचा अवकाश, शेजारचे काका टीव्हीचा रिमोट घेऊन हजर. पावस गावची आत्या प्रिंटर रिक्षात घालून आणते. एकदा तर कुणीतरी इन्व्हर्टर आणला. "कॉम्प्युटरवाली आल्ये ना, मग झालं!" अहो, मी गोदामातल्या मालाचा हिशोब ठेवणारे प्रोग्राम लिहिते, मी काय इन्व्हर्टर दुरुस्त करणार, कप्पाळ! पण हे कधी मोठ्याने म्हटलं नाही. खरं सांगते, आवडायचं मला. बाबा पडवीत बसून सगळं ऐकायचे आणि त्यांची मान जराशी ताठ व्हायची.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात समोरच्या काकू आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा मुंबईला नोकरीला होता. त्या वर्षी घरी येताना हायवेवर अपघातात गेला. पोलिसांनी परत दिलेल्या सामानात त्याचा फोन होता, महागातला, सहा आकडी कुलूप लावलेला. काकूंनी तो पदराखालून काढून माझ्या हातात दिला.

"शेवटच्या खेपेला त्याने माझ्याकडून बांगड्याची आमटी शिकून घेतलीन," त्या म्हणाल्या. "मी करत होते आणि तो फोन धरून उभा. त्यात माझा आवाज आहे, तो नको मला. मधेमधे तो विचारतोय ना, तिरफळं किती, मीठ किती, मूठभर म्हणजे किती गो आई... तेवढं ऐकव."

मी नाही म्हणायला हवं होतं. हे फोन असे उघडत नाहीत, ते मला येत नाही, कुणालाच येत नाही, एवढं वाक्य. पण तोवर पडवीत पाच-सहा माणसं जमली होती. आईने चहा टाकला. काका म्हणाले, "आता बघा, दोन मिनिटांत उघडते की नाही." बाबा माझ्याकडे बघत होते.

काकूंनी आधी काही आकडे घालून पाहिलेच होते. मी त्याची जन्मतारीख घातली, मग त्याच्या बाईकचा नंबर. प्रत्येक चुकीनंतर फोन जास्त वेळ थांबायला लावत होता. शेवटी तासभर थांबा म्हणाला. त्या तासाचा अर्थ मला कळत होता. काही फोनांत अशी सोय असते, की दहाव्या चुकीला ते स्वतःला पुसून टाकतात. त्याने ती चालू ठेवलीय की नाही, हे बाहेरून कळत नाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, हात लावू नका! पण तास भरला, सगळे परत येऊन बसले, आणि काकूंची जन्मतारीख माझ्या डोक्यात होती. हीच असणार, अशी माझी खात्री होती. मी ती घातली.

स्क्रीन काळी झाली. बराच वेळ काळीच राहिली. मग पांढरी झाली आणि तिच्यावर एकेका भाषेत नमस्कार उमटू लागला. इंग्रजी, जर्मन, आणखी कुठली कुठली, आणि मग देवनागरीत, नमस्ते.

"उघडला गो बाय!" काकू ओरडल्या. "बघा, नमस्कार करतोय!"

सगळे हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाबांनी डोळे पुसले. कोरा करकरीत नवा फोन जे म्हणतो तेच तो म्हणत होता. आत काहीही उरलं नव्हतं, आणि बाहेर कुठे साठवलेलंही नव्हतं, ते मी नंतर शोधून पाहिलं. आणि मी म्हटलं, "हो, उघडला. पण आतलं काढायला वेळ लागेल. बघते मी." काकू फोन परत पदराखाली धरून घरी घेऊन गेल्या.

जर्मनीत ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं. त्याला कळेचना. "ते तुझं काम नव्हतं, मग हात का लावलास?" त्याच्याकडे असं काही घेऊन कुणी येतच नाही. आता ऑफिसात नवीन फोन आला, की मी तो दुसऱ्याला सुरू करायला सांगते. तो नमस्कार मला बघवत नाही. आमटीला उकळी आली, की मागून कुणीतरी विचारतंय असं वाटतं, मूठभर म्हणजे किती. आणि दर रविवारी फोनवर आई म्हणते, "काकू विचारत होत्या."

यंदा मांडवीला ठरवूनच गेले. दुपारी काकू एकट्या होत्या. मी सगळं सांगितलं. शेवटचा आकडा मीच दाबला, मला धोका ठाऊक होता, सगळ्यांसमोर नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून दाबला. आत काही नाही काकू, माझ्यामुळे गेलं. मी रडले.

काकू ऐकत राहिल्या. मग त्यांनी माझ्या हातात पाण्याचं भांडं दिलं.

"तू दमल्येस," त्या म्हणाल्या. "एवढ्या परदेशातल्या लोकांचं काम करतेस, तुला न येण्यासारखं काय आहे त्यात? मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय तो नमस्कार. रिकाम्या घरातून कुणी नमस्कार करतं का?"

कपाटावर फोन चार्जिंगला लावलेला होता. त्यांनी तो उचलला, बटण दाबलं आणि माझ्यासमोर धरला. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. बाकीच्या भाषा येऊन गेल्या, मग नमस्ते आलं.

"हा बघ," काकू म्हणाल्या. "घाई नाही हो. पुढच्या खेपेला बघ."

मी भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "बघते, काकू."