केकची गोष्ट कुणी फोडली

लोसालिने माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये कुंपण नाही, एक लांब ओंडका आहे, आणि त्यावर गावातल्या आम्ही बायका आमच्या बेटाच्या रीतीप्रमाणे तुतीची साल कुटून कापड करतो. नवरा गेल्यापासून लोसालिनेला दोनच नाद. एक ते कापड, आणि दुसरा ऑकलंडला असलेली धाकटी बहीण वाइओला. दोघींचे दिवसभर मेसेज चालायचे. घरात काय शिजलं, चर्चमध्ये कोण घोरलं, कुणाची सून फुगून बसली. मी म्हणायचे, "अगं, तिला श्वास तरी घेऊ दे." ती म्हणायची, "तू जळतेस." जळत होतेच, खोटं कशाला बोलू? माझी बहीण वर्षातून एकदा फोन करते, तोही वाढदिवस चुकवून.

मग ते केकचं प्रकरण झालं. शेजारच्या गावात नवा दवाखाना उघडला, मंत्री आले, फीत कापली, भाषण झालं. लोसालिने जाऊन आली आणि तिने वाइओलाला लिहिलं, "औषधांचं कपाट रिकामं, पण केक एवढा मोठा की मंत्र्याला त्याच्यामागे शोधावं लागलं." थोड्या दिवसांनी लोसालिनेच्या मुलीला, एलेनोआला, तिच्या साहेबांनी बोलावून घेतलं. एलेनोआ राजधानीतल्या हॉस्पिटलात नर्स. साहेब हसत म्हणाले, "आईला सांगा, केकमागे कुणाला शोधू नका म्हणावं." आणि तिची बदली केली थेट उत्तरेच्या बेटावर. समुद्राच्या आणि इंजिनाच्या मनात आलं तरच तिथे बोट जाते. एलेनोआचं नुकतंच लग्न झालं होतं, नवरा राहिला इकडेच.

"ते वाक्य मी एकाच माणसाला लिहिलं होतं," लोसालिने म्हणाली.

"मलासुद्धा नाही सांगितलंस?"

"तुलाही नाही."

मला जरा लागलं, पण ती वेळ नव्हती. म्हणजे एक तर वाइओला बोलली होती, नाही तर कुणीतरी मधल्या मधे वाचत होतं. वाइओलाचं तोंड काही लहान नाही. ऑकलंडच्या तिच्या चर्चमध्ये निम्मं आमचंच गाव भरलेलं असतं, आणि तिथे सकाळी बोललेलं इथे दुपारी पोचतं. लोसालिनेने तिला उत्तरं देणं बंद केलं. वाइओला विचारत राहिली, "काय झालं? मी काय केलं?" लोसालिने फोन तांदळाच्या डब्यात ठेवून वर झाकण लावायची.

संशय एकदा घरात शिरला की मग सगळीकडे बसतो. फोनमध्ये पैसे भरून देणारा दुकानदार जरा जास्तच हसतो, असं तिला वाटायला लागलं. मेसेज उशिरा पोचला की ती म्हणायची, "वाचून झालं नसेल अजून." बायकाही बिचकल्या. सरकारबद्दल काही बोलायचं झालं की आम्ही साल कुटायच्या मोगऱ्या जोरात हाणायचो आणि त्या आवाजात बोलायचो. एकीने तर आपल्या फोनला नमस्कार करून "साहेब, जेवलात का?" विचारलं. आम्ही हसलो, पण नंतर प्रत्येकीने आपापला फोन उलटा करून ठेवला.

माझा संशय होता पौलिआसीवर. पौलिआसी लोसालिनेच्या काकांचा मुलगा. राजधानीत एका सरकारी ऑफिसात आहे, त्या ऑफिसच्या दारावर पाटी नाही. काय काम करतोस विचारलं की तो म्हणतो, "कॉम्प्युटर." एवढंच. अरे, कॉम्प्युटर काय? पुसतोस की उचलतोस? पण माणूस सालस, दर रविवारी चर्चनंतर जेवायला लोसालिनेकडे यायचा. मी माझा संशय तिला सांगितला तेव्हा ती कितीतरी वेळ नुसती साल कुटत राहिली.

मग म्हणाली, "तोच असेल तर मला कळेल."

आमच्याकडे चुलतभाऊ हा भाऊच. आणि भावाबहिणीची मर्यादा अशी की टीव्हीवर नवरा-बायको जरा जवळ आले तरी दोघांतल्या एकाने उठून बाहेर जायचं. बहिणीच्या तोंडचं चावट बोलणं भावाच्या कानावर पडलं, तर त्याला त्या दिवशी तोंड दाखवता येत नाही. लोसालिनेने तांदळाच्या डब्यातून फोन काढला आणि आपल्या लग्नाच्या रात्रीबद्दल वाइओलाला एक लांबलचक मेसेज लिहिला. त्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, मलाही भाऊ आहेत. मी वाचला आणि हातातलं कापड तोंडात कोंबायची वेळ आली.

"वाइओलाने हेही सांगितलं तर?" मी विचारलं.

"हे? भावाला? तोही तिचा भाऊच आहे. मरेल, पण सांगणार नाही. हे त्याला कळलं तर वाचूनच कळेल."

वाइओलाचं उत्तर लगेच आलं. त्याहून चावट. आणि खाली, "ताई, बोललीस एकदाची. मी रडतेय गं." लोसालिनेने ते वाचलं आणि फोन परत डब्यात ठेवला. तिला तेव्हाच शरम वाटली असेल, पण ती हट्टी आहे.

रविवारी जमिनीत पुरलेली भट्टी उघडली, अळूच्या पानांत बांधलेलं मटण आणि नारळाचं दूध, नेहमीसारखं. पुरुष ओसरीवर बसले होते. एरवी लोसालिने ताट घेऊन आली की पौलिआसी खाली बघत आभार मानायचा. त्या दिवशी ती दारात आली आणि तो उठला. अर्धं जेवण तसंच टाकून, चटईच्या कडेकडेने मागे सरकत पायऱ्या उतरला, गाडीत बसला आणि निघून गेला. बायकोला मागेच विसरला. ती बिचारी म्हणाली, "पोट बिघडलं असेल." लोसालिने ताट धरून उभी होती. तिने एकदाच माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, मागच्या दाराने. हातात गुंडाळलेली बारीक विणीची चटई, अशी चटई आमच्याकडे मोठ्या अपराधाची माफी मागायलाच काढतात.

"ही तिला द्या. काही विचारू नका."

"केकचं तूच कळवलंस?"

"मी वाचतो आणि पुढे पाठवतो. पुढचं पुढचे बघतात." मग तो खाली बघत म्हणाला, "तिला सांगा, तिचं वाचायचं काम आता माझ्याकडे नाही. मीच सांगून ते सोडलं. दुसऱ्याला दिलंय."

"म्हणजे वाचणं थांबलं नाही?"

"थांबेल कसं?"

"तो दुसरा कोण?"

"माहीत नाही. आपल्यातला नाही एवढं खरं."

माझ्या अंगाची आग झाली. भाऊ होता तोवर वाचणाऱ्याला निदान लाज तरी होती. मी चटई लोसालिनेला दिली आणि सगळं सांगितलं. तिने चटई उघडलीच नाही. मी म्हटलं, "वाइओलाला पत्र टाक, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती दे, पण या फोनवर बोलू नकोस." ती म्हणाली, "इतके दिवस तिला छळलं ते यावरच. माफीही यावरच मागते. ऐकू दे कोण ऐकतो ते."

तिने फोन लावला आणि माझ्यासमोरच बोलली. "वाइओला, माझं चुकलं. मला वाटलं तू सांगितलंस. तू नाही सांगितलंस. ते वाचत होते, सगळं, आपलं सगळं. अजून वाचतात. आत्ताही कुणीतरी आहे. पण माझं चुकलं गं, मला माफ कर." ती रडत होती आणि पुसतही नव्हती.

पलीकडून वाइओलाचा आवाज आला, अगदी सावकाश, पाहुण्यांशी बोलावा तसा.

"इकडे थंडी पडलीय. तिकडे कसं आहे?"

लोसालिने माझ्याकडे बघत राहिली. वाइओला रागावली होती की घाबरली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही, आणि विचारायला त्या फोनशिवाय दुसरी जागा नव्हती.

"इकडे बरं आहे," ती म्हणाली.