नवस फेडल्यानंतर

वडनेरजवळच्या एका विहिरीवरची ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी तेव्हा तिथला ठाणेदार होतो. सकाळची हजेरी संपत आली होती, तेवढ्यात पोलीस पाटलाचा फोन आला. शेतातल्या विहिरीत एका तरुणाचं प्रेत होतं. पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला. अंगावर जखम नव्हती. मुलगा पूर्वी मानसिक आजाराने फार त्रासला होता, मग देवस्थानावर जाऊन बरा झाला, असं गाव सांगत होतं. लग्न तोंडावर आलं होतं.

अंत्यसंस्कार उरकल्यावर त्याचे वडील ठाण्यात आले. त्यांनी टेबलावर अंगाऱ्याची एक पुडी ठेवली.

"देवघरात सापडली. राखेत हे पांढरं काय हाय, तुमीच पाहा साहेब. महाराजानं माह्या पोराले जहर देल्लं."

पुडी सील करून प्रयोगशाळेत पाठवली आणि देवस्थानाच्या महाराजांना चौकशीला बोलावलं. साठी उलटलेले गृहस्थ. माझी एक पद्धत होती: आधी चहा, मग सोपे प्रश्न, आणि कामाचा प्रश्न मध्येच कुठेतरी. खोटं बोलणारा माणूस बहुधा न विचारलेलंही सांगतो. हे महाराज विचारलेलंही सांगत नव्हते.

"पुडीत काय होतं?"

"अंगारा."

"आणि पांढरं?"

"त्याच्या मायले इचारा, साहेब. मी तिले शब्द देल्ला हाय."

आईला महिला हवालदारासोबत वेगळ्या खोलीत बसवलं.

"दवाखान्यातल्या गोळ्या होत्या त्या," ती म्हणाली. "पोरगा गोळी थुकून टाके. म्हणे, मी पागल हाव काय? देवाचा अंगारा मात्र दोन्ही हातांनी घे. मंग मी महाराजाच्या पाया पडली. म्हटलं, गोळी कुटून आणतो, तुमच्या हातानं द्या. ते म्हणाले, आन बाई, देव रागावला त माह्यावर रागावन."

"मग गोळी बंद का केली?" मी विचारलं.

"नवस फेडला ना जी. यायनं, पोराच्या बापानं, गावजेवण घातलं. आमच्यात नवस फिटला का अंगारा बंद. मंग घेतला त देवावर भरवसा नाई, असं होते."

"घरात खरं सांगायचं."

"लगन जमलं होतं. पोरगा गोळ्या खाते म्हटलं असतं त पोरगी कोन देते? अन् यायले वाटे, देवानंच बरं केलं. मले बी वाटलं, झाला असन बरा."

पुढे मुलगा पुन्हा एकटाच बोलत बसायला लागला. तिने ते पाहिलं आणि झाकलं.

दोन्ही अहवाल आले. पुडीत विष नव्हतं, मानसिक आजारावरचं औषध होतं. मृत्यू बुडून झाला होता. घातपाताचा संशय मिटला.

"यायले सांगू नका, साहेब," आई म्हणाली होती. पण वडिलांनी एका माणसावर खुनाचा आळ घेतला होता. सांगणं भाग होतं. ठाण्यातल्या बाकाच्या एका टोकाला ते बसले होते, दुसऱ्या टोकाला महाराज. मी सगळं सांगितलं. वडील महाराजांकडे वळले.

"गावजेवणाच्या दिवशी तरी बोलाचं होतं, महाराज."

"बोलाचं होतं," महाराज म्हणाले.

श्रद्धेने असे आजार बरे होतात का, या वादात मी पडत नाही. मी एवढंच पाहिलं की त्या मुलाच्या पोटात गोळी जायला देव लागला, आणि सगळं श्रेय देवाला गेलं तेव्हा गोळी सुटली. त्यानंतर घरात असा रोगी असलेलं कुटुंब ठाण्यात आलं की मी दोन प्रश्न विचारायचो. औषध कोण देतं? आणि ते घरात कोणाकोणाला माहीत आहे?

निवृत्तीनंतर एकदा त्या देवस्थानावर गेलो. त्या मुलाची आई आता तिकडे फिरकत नाही, असं कळलं. महाराज थकले आहेत. अंगारा देण्याआधी प्रत्येक रोग्याला मोठ्याने विचारतात, "गोळी खाल्ली काय?" पायरीवर मुलाचे वडील बसले होते. समोरचा हो म्हणाला की तेही मान हलवत होते.